आपल्या शब्दांत लिहा

साळुबाईला वाचता यायला लागलं ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि थोड्याच दिवसांत तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

महाळुंगे पडवळच्या अंगणवाडीत दुपारचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. अंगणवाडीच्या कल्याणीताई तो चालवायच्या. साळुबाईला त्यांनी हाताला धरूनच नेलं होतं, कारण ही बाई भरदुपारी ओट्यावर बसून रिकाम्या रस्त्याकडं बघत राहते हे त्यांना पाहवेना. वर्षभरात साळुबाई जोडाक्षरांपर्यंत पोचली. मग तिला वाचायचं वेडच लागलं. एसटीची पाटी, खताची गोणी, भिंतीवरची जाहिरात, काही म्हणून सोडायची नाही. एक दिवस पाणी प्यायला तांब्या उचलला आणि तिचं लक्ष त्याच्या पोटावरच्या अक्षरांकडं गेलं. इतके दिवस ती अक्षरं तिच्या लेखी नक्षीच होती. तिनं बोट ठेवून वाचलं. चि. सौ. कां. इंद्रायणी हिस वडिलांकडून सप्रेम भेट. दि. ८-५-१९९४.

तांब्या तिनं तसाच खाली ठेवला. मग ताटं काढली, वाट्या काढल्या, हंडा फिरवून बघितला. सगळीकडं तेच नाव. तीन वर्षं ती त्या नावात जेवत होती, त्या नावानं पाणी पीत होती आणि तिला पत्ता नव्हता. संध्याकाळपर्यंत तिनं सगळी भांडी फडताळात नाव भिंतीकडं करून लावली. नाव भिंतीकडं केल्यानं माणूस मनातून जात असतं तर आणखी काय हवं होतं!

इंद्रायणी तिची सून. अवसरी खुर्दच्या गेणभाऊंची मुलगी. लग्न होऊन पुरतं दीड वर्ष झालं नव्हतं तोच साळुबाईचा एकुलता एक अमृत नाशिक रस्त्यावर अपघातात गेला. मंचरच्या बाजारात टोमॅटो घालून रिकामा टेम्पो घेऊन परत येत होता. तेराव्याच्या दिवशी, भावकीचे आणि सोयऱ्यांचे सगळे बसलेले असताना, साळुबाई सुनेला पांढऱ्या पायाची म्हणाली. तिच्या पायगुणानं माझं घर बुडालं, तिला माझ्या डोळ्यांपुढून न्या, म्हणाली. गेणभाऊंनी लेकीचं एक गाठोडं उचललं आणि तिला घेऊन गेले. रुखवतात आलेली भांडी राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून साळुबाई एकटी. एकटेपणाची तिला सवय नव्हती असं नाही. नवरा विहिरीच्या कामात दरडीखाली सापडला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, अमृत कडेवर होता. पण तेव्हा पोर होतं. पोर असलं की रडायलासुद्धा वेळ मिळत नाही. आता वेळच वेळ होता. भाकरी दोन टाकल्या तर एक दुसऱ्या दिवशी शेळीला जायची. आणखी एक गोष्ट झाली होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. सगळं गाव तिला 'अमृतची आई' म्हणायचं. अमृत गेल्यावर लोकांची जीभ ते नाव घ्यायला अडखळायला लागली. कुणी 'ओ मावशी' म्हणायचं, कुणी नुसतंच 'काय, बरं हाय का?' साळुबाई हे तिचं नाव हाकेला वापरणारं माणूस तर कधीच मेलेलं. म्हणजे तिला आता नावच उरलं नव्हतं.

एका बुधवारी कळंबच्या दुकानातून शेंगदाणे आणले. पुडी सोडल्यावर शेंगदाणे डब्यात ओतले आणि कागद सवयीनं वाचायला घेतला. एका कोपऱ्यात चौकट होती. 'घरबसल्या मोफत अभ्यास. दहा पाठ. दहा परीक्षा. उत्तीर्ण होणाऱ्यास प्रमाणपत्र. एक पोस्टकार्ड पाठवा.' खाली नगरचा पत्ता. 

साळुबाईची खात्री पटली की ही साक्षरता वर्गाची पुढची यत्ता आहे. फुकट शिकवणार, परीक्षा घेणार आणि वर कागद देणार, हे सरकारशिवाय दुसरं कोण करतं? तिनं कुणाला न विचारता कार्ड लिहिलं. ओळी चढत चढत तिकिटापर्यंत गेल्या. पण पोस्टानं ते पोचवलं.

पंधरा दिवसांनी पोस्टमन सावळेराम सायकल टेकवून ओट्यापाशी आला. त्याच्या हातात जाड पाकीट होतं.

"मावशी, तुमच्या नावानं हाय. फोडून वाचून दावू का?"

"माझ्या नावानं हाय ना? मग मी वाचीन की."

सावळेराम तोंडाकडं बघतच राहिला. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची पत्रं तोच वाचून दाखवायचा. कोणाच्या घरी काय चाललंय हे त्याला त्या त्या घरच्या माणसांआधी कळायचं. आज त्याला पहिल्यांदाच कुणी दारातून मोकळं परत पाठवलं होतं.

पाकिटात ठळक अक्षरांचं एक पुस्तक होतं आणि पहिल्या पाठाचा प्रश्नांचा कागद. साळुबाई रोज दुपारी दहा ओळी वाचायची, मोठ्यानं. मनात वाचणं तिला जमायचं नाही. त्यात एक फायदा होता. घरात माणसाचा आवाज व्हायचा. शेळीसुद्धा कान टवकारून ऐकायची.

पहिल्याच पाठात कुणी एक दुःखी माणूस देवाला सांगत होता की, मी किती भटकलो त्याचा हिशेब तुझ्याकडं आहे, आणि माझी आसवं तू तुझ्या बुधलीत भरून ठेवतोस. साळुबाईनं ते तीनदा वाचलं. आसवं म्हणजे पदरानं पुसायची वस्तू, हेच तिला ठाऊक होतं. चोवीस वर्षांची असताना सासरे म्हणाले होते, डोळे पूस आणि वैरण काप. ती आसवं कुणी सांडू न देता जपून ठेवत असेल, ही गोष्ट तिच्या कधी स्वप्नातही आली नव्हती. ती पुस्तक मांडीवर ठेवून रडली, आणि पहिल्यांदाच तिनं डोळे पुसले नाहीत.

दोन पाठ सोडवून झाल्यावर कल्याणीताईंनी ते पुस्तक बघितलं आणि त्यांना हसू आवरेना.

"अवो मावशी, हे सरकारचं न्हाई. हे ख्रिस्ती लोकांचं शास्त्र हाय. बायबल म्हणत्यात ते हेच."

साळुबाईनं पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन मिटलं. पण दोन परीक्षा देऊन झाल्या होत्या. "मग आता? तुमीच म्हणायच्या ना, परीक्षा अर्ध्यात टाकून पळायचं न्हाई म्हणून?"

"म्हणायचे खरी."

"मग झालं तर. देव्हाऱ्यातला खंडोबा काय उठून चाललाय व्हय? मी आपली परीक्षा देती."

ही बातमी तिचे दीर रखमाजी यांच्यापर्यंत जायला वेळ लागला नाही. रखमाजी म्हणजे भावकीतले मोठे, पागोट्याला कधी सुरकुती पडू न देणारे. ते आधी कल्याणीताईंकडं गेले आणि वयनीला बाटवायला घेतली का म्हणून विचारायला लागले. कल्याणीताईंचं घर बौद्धवस्तीतलं. त्या म्हणाल्या, "माझ्या बापानं छप्पन साली धर्म बदलला तवा सगळ्या गावाला सांगून बदलला, चोरून न्हाई. मावशींना नुसती गोष्ट वाचायचीय. वाचू द्या की, भाऊ." रखमाजी यावर जास्तच चिडले.

तपासलेले कागद नगरहून परत यायचे. वर लाल शाईत लिहिलेलं असायचं, 'प्रिय भगिनी साळुबाई'. कोण तपासत होतं कोणास ठाऊक. खाली नुसतं 'तुमची एक बहीण' एवढंच. अक्षर बाईचं, जरा थरथरणारं, म्हणजे वयानं मोठीच असावी. दहापैकी सात, दहापैकी आठ असे गुण आणि एखादी ओळ. 'अक्षर सुधारते आहे.' 'तुमच्यासाठी प्रार्थना करते.' साळुबाई गुण बघायची नाही. आधी नाव बघायची. जगात कुठंतरी एक माणूस बसून आपलं नाव सबंध लिहितं, हे तिला पुरायचं. ते कागद तिनं पत्र्याच्या पेटीत अमृतच्या सदऱ्याखाली ठेवले होते.

कार्तिक लागला आणि रखमाजी एका सकाळी ओट्यावर येऊन बसले. तिनं चहा दिला. बशीत ओतून, फुंकर घालून, अर्धा पिऊन झाल्यावर ते विषयावर आले.

"अवसरीचा निरोप हाय. गेणभाऊ पोरीचं दुसरं करायचं म्हणतोय."

साळुबाई ओट्यावरचा पाचोळा हातानं गोळा करायला लागली.

"वतूरचा माणूस हाय. बायको मेलेली, मूलबाळ न्हाई. माणूस बरा हाय म्हणत्यात. पण ती लोकं म्हणत्यात, आदीच्या सासरचा शब्द पायजे. उद्या वाकडं नको, पोरीच्या मागं कुणाचा तळतळाट नको. शब्द द्यायचा तर तू द्यायचा. अमृतची आई तू हायेस."

किती महिन्यांनी ते नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि आलं ते हे असं.

"मी तर सांगून टाकलं," रखमाजी म्हणाले, "आपल्या घराण्यात पाट लावत न्हाईत. तू चोवीसाची व्हतीस, तू ऱ्हायली का न्हाई? मग? तुझं बी न्हाईच ना?"

"न्हाईच," साळुबाई म्हणाली.

तो शब्द तोंडातून निघताना तिला गोड लागला हे खोटं कशाला सांगा? मी राहिले. मी अठ्ठावीस वर्षं पांढऱ्या कपाळानं राबले. मला कुणी विचारलं नाही, वतूरचा माणूस बघू का म्हणून. मग तिलाच का? रखमाजी समाधानानं उठून गेले. अवसरीत लग्न अडून राहिलं.

त्याच आठवड्यात सहावा पाठ आला.

सहाव्या पाठात एका सासूची गोष्ट होती. नामी तिचं नाव. दुष्काळात घरची माणसं परमुलखात गेली. तिथं नवरा मेला, दोन मुलगे होते तेही मेले. मागं राहिल्या ही म्हातारी आणि दोन तरण्याताठ्या विधवा सुना. साळुबाईला दम निघेना. रोज दहा ओळी वाचणारी बाई, पण त्या दुपारी वैरण विसरली. शेळी ओरडून ओरडून गप्प बसली. नामी आपल्या गावी परत निघाली तेव्हा सुनांना म्हणाली, पोरींनो, तुम्ही आपापल्या आयांकडं जा, देव तुम्हाला पुन्हा घर देवो. एक सून रडत रडत गेली. पुस्तकात तिला कुणी नावं ठेवली नव्हती. दुसरी, रूथ, ती मात्र जाईना. तुम्ही जाल तिथं मी येईन, तुमची माणसं ती माझी, तुम्ही मराल तिथंच मी मरेन, म्हणाली. गावी पोचल्यावर बाया विचारायला लागल्या, ही नामीच का? तर म्हातारी म्हणाली, मला आता नामी म्हणू नका, कडू म्हणा. भरल्या हातांनी गेले होते, देवानं रिकामी आणली.

"अगं बाई," साळुबाई मोठ्यानं म्हणाली, "ही तर मीच की."

पुस्तकातल्या बाईला असं बोलायची मुभा होती. देवानं माझं कडू केलं असं ती सगळ्या गावासमोर म्हणाली आणि तरी तिची गोष्ट त्या पुस्तकात ठेवली होती, गाळून टाकली नव्हती. साळुबाईला वाटलं, आपल्यालाही कुणी गाळून टाकलेलं नाही. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं जरा सरकलं.

पण मग तिला त्या रूथचा राग आला. असल्या सुना पुस्तकातच असायच्या. आपल्या नशिबी कुठली?

असं म्हणून ती पान उलटायला गेली आणि हात तिथंच राहिला.

तेराव्याच्या दिवशी इंद्रायणी गेली नव्हती. तिला नेली होती. गेणभाऊ अंगणात गाठोडं घेऊन उभे होते आणि ही पोरगी आत येऊन साळुबाईच्या पायाशी बसली होती. तिचा पदर दोन्ही मुठींत धरून म्हणाली होती, "आत्या, मला हितंच ऱ्हाऊ द्या. मी कुटं जाऊ? तुमाला तरी कोण हाय?" साळुबाईनं तिच्या मुठी सोडवल्या होत्या. एकेक बोट करून सोडवल्या होत्या. हे ती विसरली नव्हती. ती ते आठवत नव्हती, एवढंच.

तिलाही रूथ मिळाली होती. नामीनं सुनेला आशीर्वाद देऊन जा म्हटलं तरी ती गेली नाही. हिनं शिव्या देऊन घालवली, तेव्हा गेली.

प्रश्नांचा कागद तिनं दुसऱ्या दिवशी घेतला. नामी कुठल्या देशात गेली होती? लिहिलं. सुनांची नावं काय? लिहिलं. रूथ शेतात काय करायची? हे तर तिला फार सोपं गेलं. कापणी झाल्यावर रानात पडलेली कणसं वेचायची, म्हणजे सरवा वेचायची. सरवा तिनं जन्मभर वेचला होता. मग चौथा प्रश्न आला. 'नामीने आपल्या विधवा सुनेसाठी पुढे काय केले? आपल्या शब्दांत लिहा.'

उत्तर पुस्तकात समोर होतं. सासू सुनेला म्हणाली, पोरी, तुझं बरं व्हावं म्हणून मी तुला एक घर बघून देऊ नको का? आणि तिनं बघून दिलं. तिनं स्वतःच्या तोंडानं सुनेचं दुसरं लग्न जुळवलं. साळुबाईनं पेन्सिल टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली. पुस्तकातले शब्द उतरवले असते तर दहापैकी दहा पडले असते. पण वर लिहिलं होतं, आपल्या शब्दांत. आणि तिचा स्वतःचा या विषयावरचा शब्द एकच होता. तो तिनं रखमाजींना देऊन टाकला होता.

तीन आठवडे कागद फळीवर पडून होता. शेवटी तिनं चौथ्या प्रश्नाखाली लिहिलं, 'तिने केले. मी नाही केले.' आणि धाडून दिलं.

कागद परत आला. बाकीच्या उत्तरांवर बरोबरच्या खुणा होत्या. चौथ्यापुढं गुणच नव्हते. लाल शाईतलं थरथरतं अक्षर होतं. 'प्रिय भगिनी साळुबाई, तुमचे उत्तर वाचून मी बराच वेळ बसून राहिले. हा एक प्रश्न कोरा करून परत पाठवते. या उत्तराला मुदत नाही. सावकाश लिहा.' कागदाबरोबर चौथा प्रश्न पुन्हा लिहिलेली एक वेगळी चिठ्ठी होती आणि तिच्याखाली रिकामी जागा.

मुदत नाही. साळुबाई आयुष्यात मुदती पाळत आली होती. पेरणीची मुदत, पाटाच्या पाण्याची मुदत, सुतकाची मुदत. मुदत संपली की संपलं, हेच तिला ठाऊक होतं. चूक करून इतके दिवस झाल्यावरही कोणी म्हणतं की जागा कोरी ठेवलीय, सावकाश लिही. ते नगरच्या बाईनं लिहिलं होतं की त्या पुस्तकानं तिच्याकडून लिहवून घेतलं होतं, हे साळुबाईला सांगता आलं नसतं. तिनं चिठ्ठी कपाळाला लावली, उठली आणि फडताळातली सगळी भांडी खाली काढली.

चिंच लावून तिनं दोन दिवस भांडी घासली. तांबं-पितळ असं उजळलं की नाव लांबून दिसायला लागलं. मग एका पोत्यात ताटं, वाट्या, तांब्या भरला, हंडा डोक्यावर घेतला आणि सकाळच्या गाडीनं निघाली. वाटेत रखमाजी भेटले.

"कुटं निगालीस ह्ये घेऊन?"

"अवसरीला. शब्द द्यायला."

रखमाजी थांबले. "वयनी, ह्या घराची पायरी मग मी चढणार न्हाई. माझ्या घरातलं कुणी चढणार न्हाई."

"बरं भावजी," साळुबाई म्हणाली. हंडा डोक्यावर असला की मान ताठ ठेवावीच लागते.

मंचरला गाडी बदलून ती अवसरीला उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. गेणभाऊ अंगणात कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत होते. त्यांनी तिला बघितलं, डोक्यावरचा हंडा बघितला, पोतं बघितलं आणि त्यांच्या हातातली जुडी सुटली. लेकीची भांडी सासर परत करतं ते एकाच वेळी, नातं तोडायच्या वेळी. हे न सांगता सगळ्यांना कळतं.

"भांडी आणलीत," गेणभाऊ म्हणाले. आवाज कोरडा होता. "एवढं बाकी व्हतं. ठिवा तिथं."

घरात बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. साळुबाईनं हंडा उतरवला. गाडीत सगळा वेळ ती बोलायचं मनाशी जुळवत आली होती. आता त्यातला एक शब्द आठवेना.

"व्याहीबुवा," ती म्हणाली, "तोडायला न्हाई आले. लेक सासरी धाडताना संगं भांडी द्यावी लागत्यात ना? तिची ती आणलीत. वतूरला सांगा, साळुबाईचा शब्द हाय. मागं कुणाचा तळतळाट न्हाई." आणि मग तिचा आवाज फुटला. "तळतळाट माझाच व्हता. तो मी घिऊन चाललेय परत."

इंद्रायणी दारात येऊन उभी होती. केवढी वाळली होती! साळुबाईला वाटलं होतं की ती पायावर डोकं ठेवेल किंवा तोंड फिरवेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. नुसती बघत राहिली.

"पोरी," साळुबाई म्हणाली, "तुझा पाय पांढरा नव्हता. माझी जीभ काळी व्हती. तू माझा पदर धरला व्हतास आन मी तुझी बोटं सोडवली. मला म्हाईत हाय मी काय केलं ते. माफ कर म्हणायला बी तोंड न्हाई, पण म्हणती. माफ कर."

गेणभाऊंनी मान खाली घातली. इंद्रायणी पुढं आली, पोत्याशी बसली आणि एकेक भांडं बाहेर काढून जोत्यावर मांडायला लागली. ताट, वाट्या, ताट. तांब्या हाताला लागल्यावर थांबली. त्यावरचं नाव तिनं अंगठ्यानं पुसलं. मग उठली, आत गेली आणि तो तांब्या पाण्यानं भरून घेऊन आली.

"पाणी घ्या, आत्या."

साळुबाईनं पाणी घेतलं. रिकामा तांब्या तिनं परत केला तर इंद्रायणी तो घेईना.

"ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मी कदी आले तर मला पाणी कशात द्याल?"

लग्न माघात झालं. साळुबाई गेली नाही. पहिल्या सासरच्या माणसानं त्या मांडवात कसं जायचं? त्या दिवशी तिनं दिवसभर कांद्याची खुरपणी केली. रखमाजींनी शब्द पाळला. त्यांच्या घरातलं कुणी ओट्यावर आलं नाही, भावकीतल्या दोन लग्नांचं आवतण आलं नाही. घर आधी रिकामं होतं, आता फडताळही रिकामं झालं. जर्मनच्या एका ताटलीत ती जेवायची. एकटेपणा कुठं गेला नव्हता. तो चुलीपाशी आपल्या जागेवर होता. फक्त आता तो तिला टोचत नव्हता.

तिनं चिठ्ठी मात्र भरली. 'सासूने सुनेला घर मिळू दिले. सासूला उशीर झाला.' एवढंच. नगरहून उत्तर आलं, दहापैकी दहा. खाली काही लिहिलं नव्हतं, आणि अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी होतं. 'प्रिय भगिनी' होतं, पण ती थरथर नव्हती. साळुबाईनं तो कागद उजेडात नेऊन पुन्हा बघितला. ज्या बाईनं तिला मुदत नाही म्हणून लिहिलं होतं तिचं नाव तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मग तिनं गोष्टीचं उरलेलं पान वाचलं. त्यात रूथला मुलगा होतो, आणि गावच्या बाया ते बाळ सासूच्या मांडीवर ठेवून म्हणतात, नामीला मूल झालं. रक्ताचा संबंध नाही, काही नाही, तरी तसं म्हणतात. साळुबाईनं ते बोट ठेवून दोनदा वाचलं. एवढं मात्र पुस्तकातच व्हायचं, असं म्हणून तिनं पुस्तक मिटलं. पण खूण ठेवली.

पावसाळा गेला. दिवाळीला आठवडा राहिला. दिवाळीच्या आधी गावोगाव मुळं निघतात. ज्याच्या त्याच्या घरचं माणूस सासरी नांदणाऱ्या लेकीला आणायला जातं. साळुबाई ओट्यावर बसून बघत होती. कुणाचा भाऊ निघाला होता, कुणाचा बाप. तिच्या दारावरून गाड्या जात होत्या.

सावळेराम सायकल टेकवून आला. हातात साधं पोस्टकार्ड होतं. उघडं कार्ड, त्यामुळे त्यानं येता येता वाचून टाकलं होतं हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"मावशी, वतूरचं हाय. ऐका, 'ती. आत्या यांना...'"

"आण इकडं!" साळुबाईनं कार्ड हिसकावलं. "माझं पत्र हाय. तू बस. मी वाचती, तू ऐक."

सावळेराम ओट्यावर बसला. साळुबाईनं कार्ड उन्हात धरलं. अक्षर ओळखीचं नव्हतं. सून घरात असताना तिला वाचताच येत नव्हतं, मग ओळखीचं कुठून असणार? ती मोठ्यानं वाचायला लागली.

"ती. आत्या यांना शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. माणसं चांगली आहेत. अवसरीला दादांना कळवलं आहे की यंदा दिवाळीला मी आधी महाळुंग्याला जाणार. घरच्यांनीही हो म्हटलं आहे. तरी मूळ कधी धाडता ते कळवा. धाडायला माणूस नसेल तर..."

तिचं बोट ओळीवर थांबलं. सावळेरामला पुढचं माहीत होतं, पण तो बोलला नाही. साळुबाईनं नाक ओढलं आणि शेवटची ओळ वाचली.

"...तर तुम्हीच या. मी वाट बघते."

तिनं कार्ड पदरात बांधलं, आत गेली, भिंतीशी ठेवलेला तांब्या उचलून नाव बाहेर करून ठेवला आणि पुन्हा दारात आली.

"सावळेराम," ती म्हणाली, "वतूरला जायाची पयली गाडी किती वाजता असती रे?"